क्रेडिट कार्डाची निवड: जाहिरात उलट्या क्रमाने कशी वाचावी

क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत सर्वांत मोठी अक्षरे कॅशबॅक, रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरील लाउंजच्या वाट्याला येतात. त्याखाली वार्षिक शुल्काचा उल्लेख असतो. व्याज किती, केव्हापासून आणि कोणत्या रकमेवर लागते हे मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेले असते. ग्राहकाच्या खिशावर होणारा परिणाम नेमका याच्या उलट क्रमाने असतो. बक्षिसांतून होणारा लाभ सहसा खर्चाच्या एक-दोन टक्क्यांच्या घरात राहतो, तर थकबाकीवरील व्याज अनेक बाजारांत वर्षाला वीस ते चाळीस टक्के आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक असते. म्हणून या लेखात आधी स्वतःची परतफेडीची सवय, मग व्याज, मग शुल्के आणि त्यानंतरच बक्षिसे असा क्रम घेतला आहे. उदाहरणांतील रकमांना मुद्दामच कोणतेही चलन लावलेले नाही. हिशेबाची रीत सगळीकडे एकच आहे आणि आकडे आपापल्या खर्चाचे घालून तो पुन्हा मांडावा, अशी अपेक्षा आहे.

पायरी १: बिल कसे भरले जाणार, हे प्रामाणिकपणे ठरवावे

कार्ड वापरणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. काही जण दर महिन्याचे बिल देय तारखेच्या आत पूर्ण भरतात. काही जण एरवी पूर्ण भरतात, पण वर्षातून एक-दोनदा काही रक्कम पुढे ढकलतात. उरलेले थकबाकी महिनोन्‌महिने पुढे ओढत राहतात. पहिल्या गटासाठी व्याजाचा दर जवळजवळ गैरलागू असतो आणि त्यांची तुलना शुल्के व बक्षिसे यांच्यावर होऊ शकते. तिसऱ्या गटाने बक्षिसांकडे पाहूच नये. त्यांच्यासाठी सर्वांत कमी व्याजाचे, बिनबक्षिसांचे साधे कार्डच योग्य ठरते आणि अनेकदा कार्डाऐवजी साधे वैयक्तिक कर्ज त्याहूनही स्वस्त पडते.

खरी अडचण मधल्या गटाची आहे, कारण या गटातील बहुतेक लोक स्वतःला पहिल्या गटात मोजतात. आधीचे कार्ड असेल तर गेल्या बारा महिन्यांची बिले उघडून व्याज किंवा विलंब शुल्क अशी एखादी नोंद आहे का, ते पाहावे. एकही नोंद नसेल तरच स्वतःला पहिल्या गटात धरावे. कार्ड प्रथमच घ्यायचे असेल, तर महिनाअखेरीस खात्यात किती शिल्लक उरते आणि अचानक मोठा खर्च उद्भवल्यास तो बचतीतून भागेल का, या दोन प्रश्नांवरून अंदाज येतो. शंका असेल तर स्वतःला मधल्या गटात धरून व्याजाच्या अटी पूर्ण वाचाव्यात.

याच टप्प्यावर कार्डाचा प्रकारही ठरतो. पतइतिहास, म्हणजे आधीच्या कर्जांच्या परतफेडीची नोंद, नसलेल्यांसाठी ठेवीच्या तारणावर दिले जाणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे. ठेव कार्ड देणाऱ्या संस्थेकडे राहते, मर्यादा त्या ठेवीच्या प्रमाणात मिळते आणि वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद पतइतिहासात जमा होत जाते. चार्ज कार्ड हा वेगळा प्रकार आहे. त्यात थकबाकी पुढे नेण्याची सोयच मुळात नसते आणि पूर्ण रक्कम मुदतीत भरावीच लागते.

पायरी २: व्याजाची पद्धत समजून घ्यावी

हा भाग सर्वांत कंटाळवाणा मानला जातो, पण सर्वाधिक पैसे इथेच जातात किंवा वाचतात. म्हणून त्यावर थोडे अधिक रेंगाळावे लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे मासिक आणि वार्षिक दर. काही बाजारांत दर महिन्याचा सांगितला जातो, आणि ‘दरमहा ३.५ टक्के’ हे ऐकायला फार वाटत नाही. त्याला बाराने गुणले की वर्षाला ४२ टक्के होतात. थकबाकी आणि तिच्यावरील व्याज न भरता तसेच राहिले आणि व्याजावर व्याज चढत गेले, तर वर्षाचा प्रत्यक्ष भार सुमारे ५१ टक्क्यांवर जातो. त्यामुळे दोन कार्डे शेजारी ठेवताना दोन्हींचे दर वार्षिक रूपातच मांडावेत आणि एकाचा मासिक दर दुसऱ्याच्या वार्षिक दरासमोर ठेवू नये. शिवाय जाहिरातीतील दर आपल्याला मिळेलच असे नाही. ब्रिटनमध्ये जाहिरातीत ‘प्रातिनिधिक’ म्हणून दाखवलेला दर मंजूर अर्जदारांपैकी किमान ५१ टक्के लोकांना मिळेल अशी अपेक्षा असावी लागते. याचा अर्थ उरलेल्यांना त्याहून चढा दर लागू शकतो. अर्ज मंजूर झाल्यावर हाती येणाऱ्या कागदपत्रांतील दर हाच आपला दर.

दुसरी गोष्ट बिनव्याजी मुदतीची. ‘५० दिवसांपर्यंत बिनव्याजी’ या शब्दांतला ‘पर्यंत’ महत्त्वाचा आहे. बिलाचे चक्र ३० दिवसांचे आणि बिल निघाल्यापासून भरण्याची मुदत २० दिवसांची असेल, तर चक्राच्या पहिल्या दिवशी केलेल्या खरेदीला ५० दिवस मिळतात, पण बिल निघण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम २१ दिवस. तुलना करताना बिलाची तारीख आणि देय तारीख यांच्यातील अंतर विचारावे, कारण पैसे जमवायला प्रत्यक्षात तेवढाच वेळ हाती असतो. अमेरिकेत बिल देय तारखेच्या किमान २१ दिवस आधी पाठवण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. इतरत्र हे अंतर कार्डागणिक बदलू शकते.

तिसरी आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की अनेक कार्डांवर बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरण्याच्या अटीवरच मिळते. बिलातील थोडी रक्कम जरी बाकी राहिली, तरी संपूर्ण खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते आणि बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही सवलत मिळत नाही.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. चक्राच्या पहिल्या दिवशी १०,००० ची खरेदी झाली. दर वर्षाला ३६ टक्के आहे. तिसाव्या दिवशी बिल आले आणि पन्नासाव्या दिवशी, म्हणजे अगदी मुदतीत, ९,००० भरले गेले. बाकी राहिले फक्त १,०००. ग्राहकाची अपेक्षा अशी, की व्याज या १,००० वरच लागेल. प्रत्यक्षात वरील पद्धतीने पूर्ण १०,००० वर ५० दिवसांचे सुमारे ४९३ आणि त्यानंतर पुढच्या बिलापर्यंतच्या दहा दिवसांचे १,००० वर सुमारे १० असे मिळून जवळपास ५०३ व्याज लागते. बाकी ठेवलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक! पुढच्या बिलातील ही नोंद पाहून अनेकांना ती चूक वाटते आणि ते तक्रार करतात, पण करारात ती अट लिहिलेली असते.

सगळीकडे असेच असते असे नाही. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने, बिनव्याजी मुदत लागू असताना त्या मुदतीत भरलेल्या भागावर व्याज आकारण्यास आणि आधीच्या चक्रात मागे जाऊन व्याज मोजण्यास मनाई केली. म्हणून ‘थोडी रक्कम बाकी राहिली तर व्याज कोणत्या रकमेवर आणि कोणत्या तारखेपासून?’ हा प्रश्न प्रत्येक कार्डाबाबत लेखी विचारावा. मधल्या गटातील ग्राहकासाठी या एका उत्तराचे मोल दोन कार्डांच्या दरांमधील दोन-चार टक्क्यांच्या फरकापेक्षा मोठे असू शकते.

चौथी गोष्ट किमान देय रकमेची. बिलावर एकूण देय रकमेच्या शेजारी एक छोटा आकडा छापलेला असतो आणि तो भरला की विलंब शुल्क लागत नाही, खाते थकीतही मानले जात नाही. व्याज मात्र चालूच राहते. समजा १०,००० ची थकबाकी आहे, दर महिन्याला ३ टक्के व्याज लागते आणि किमान देय रक्कम व्याजासह होणाऱ्या बाकीच्या ५ टक्के आहे. नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास बारा महिन्यांत सुमारे ५,५०० भरले जातात, आणि तरीही सुमारे ७,७०० बाकी उरतात. भरलेल्या पैशांतील सुमारे ३,२०० व्याजात गेलेले असतात. तीन वर्षांनंतरही निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे ४,५७० ची थकबाकी शिल्लकच असते. फक्त किमान रक्कम भरल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे अमेरिकेत बिलावरच छापणे सक्तीचे आहे, आणि माझ्या मते ते सर्वत्र सक्तीचे असायला हवे.

कार्डावर रोख रक्कम काढणे हा प्रकार या सगळ्यातून वेगळा काढावा. त्याला बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळतच नाही. पैसे हातात पडतात त्याच दिवसापासून व्याज सुरू होते, त्यावर काढलेल्या रकमेच्या काही टक्के शुल्क वेगळे लागते आणि अनेकदा दरही खरेदीपेक्षा चढा असतो. कार्ड निवडताना रोख रकमेची मर्यादा किती मोठी आहे, हा निकषच मानू नये.

शून्य टक्क्याच्या योजनांचे दोन प्रकार पडतात आणि त्यांतला फरक जाहिरातीवरून कळत नाही. एका प्रकारात सवलतीचा काळ संपल्यावर उरलेल्या रकमेवर, त्या दिवसापासून पुढचे व्याज लागते. दुसऱ्या प्रकारात व्याज फक्त लांबणीवर टाकलेले असते. ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही, तर सुरुवातीपासूनचे सगळे व्याज एकदम बिलात येते. एका कार्डाची थकबाकी दुसऱ्यावर हलवण्याच्या योजनेत हलवलेल्या रकमेवर अनेकदा तीन ते पाच टक्के शुल्क लागते. ते मिळवूनच बचत मोजावी आणि सवलतीच्या काळात दर महिन्याला किती भरले तर बाकी शून्यावर येईल, ते आधीच भागून ठेवावे. ‘बिनव्याजी हप्त्यां’बाबतही एक साधी तपासणी पुरते. तीच वस्तू एकरकमी घेतल्यास जी सूट मिळाली असती ती आणि हप्त्यांसाठीचे प्रक्रिया शुल्क यांची बेरीज करावी. ती बेरीज म्हणजेच त्या हप्त्यांचे व्याज.

पायरी ३: शुल्कांचा पूर्ण तक्ता मागवावा

अनेक देशांत कार्डाच्या मुख्य अटी एका ठरावीक, तुलना करता येईल अशा तक्त्यात देण्याचे बंधन आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये असा तक्ता असतो. भारतात रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जासोबत व्याज आणि शुल्कांचे एक पानी मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. विक्री प्रतिनिधीने तोंडी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा हे पान महत्त्वाचे आहे. तोंडी सांगितलेली एखादी सवलत या पानावर किंवा करारात दिसत नसेल, तर ती अस्तित्वात नाही असे समजून निर्णय घ्यावा.

वार्षिक शुल्काबाबत ‘पहिल्या वर्षी मोफत’ आणि ‘कायम मोफत’ यांतला फरक पाहावा. ठरावीक खर्च केल्यास शुल्क माफ होणार असेल, तर त्या खर्चात काय धरले जात नाही हेही विचारावे. घरभाडे, इंधन, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम, कर आणि हप्त्यांत रूपांतरित केलेली खरेदी अनेकदा वगळलेली असते. शुल्क वाचवण्यासाठी नको असलेला खर्च करण्याची वेळ येत असेल, तर ते कार्ड आपल्यासाठी नाही.

विलंब शुल्क, मर्यादा ओलांडल्याचे शुल्क, परत आलेल्या ऑटो-डेबिटचे शुल्क, पूरक कार्डाचे शुल्क आणि शुल्कांवर लागणारा कर या नोंदी एकदा नजरेखालून घालाव्यात. बहुतेक कार्डांत त्या सारख्याच असल्याने निवड त्यांवर ठरत नाही. परदेशी चलनातील व्यवहारावरील शुल्क मात्र वेगळे लिहून घ्यावे. ते व्यवहाराच्या रकमेच्या टक्केवारीत असते, काही कार्डांवर शून्य तर काहींवर तीन टक्क्यांहून अधिक, आणि घरबसल्या परदेशी संकेतस्थळावर केलेल्या खरेदीलाही ते लागू शकते. प्रवासात दुकानदाराच्या यंत्रावर ‘रक्कम तुमच्या देशाच्या चलनात दाखवू का?’ असा पर्याय आल्यास तो नाकारून त्या देशाचेच चलन निवडावे. एरवी रूपांतराचा दर ते यंत्र पुरवणारी कंपनी ठरवते आणि तो बहुधा व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड नेटवर्कच्या दरापेक्षा महाग पडतो.

पायरी ४: बक्षिसांचे मोल स्वतःच्या खर्चावर काढावे

पॉइंटांची संख्या ही तुलनेची एकके नव्हेत. एका कार्डावर प्रत्येक १०० खर्चाला ४ पॉइंट मिळतात आणि पॉइंटचे मोल ०.२५ आहे, तर लाभ १ टक्का होतो. दुसऱ्यावर प्रत्येक १५० ला २ पॉइंट मिळतात आणि मोल ०.५० आहे, तर लाभ ०.६७ टक्के. शिवाय एकाच पॉइंटचे मोल तो कशासाठी वापरला यावर बदलते. विमान तिकिटावर ते जास्त, तर वस्तूंच्या यादीतून काही घेताना किंवा बिलात वळते करताना बरेच कमी असू शकते. आपण तो पॉइंट ज्या रीतीने खरोखर वापरणार आहोत, त्याच रीतीचे मोल हिशेबात धरावे. प्रत्येक व्यवहारात पूर्ण झालेल्या १५० वरच पॉइंट मिळत असतील, तर १४९ च्या खरेदीला काहीच मिळत नाही. लहान-लहान खरेदी करणाऱ्याचा बराच लाभ असा गळून जातो.

आता संपूर्ण हिशेब एका काल्पनिक कुटुंबाच्या वार्षिक खर्चावर मांडू. कार्डाने होऊ शकणारा खर्च ३,००,००० आहे. त्यात किराणा ९०,०००, ऑनलाइन खरेदी ६०,०००, घरभाडे ८०,०००, इंधन ३०,००० आणि इतर ४०,००० असे घटक आहेत. समोर तीन कार्डे आहेत.

पहिल्या कार्डाची जाहिरात ‘ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के’ अशी आहे. इतर खर्चावर १ टक्का मिळतो, भाडे व इंधन वगळलेले आहेत, ५ टक्क्यांच्या लाभाला महिन्याला २०० ची कमाल मर्यादा आहे आणि वार्षिक शुल्क १,००० आहे. ऑनलाइन खरेदी दरमहा ५,००० धरली तर ५ टक्क्यांनी २५० व्हायला हवेत, पण मर्यादेमुळे २०० मिळतात, म्हणजे वर्षाला २,४००. किराणा आणि इतर खर्च मिळून १,३०,००० वर १,३००. बेरीज ३,७००, आणि शुल्क वजा जाता हातात २,७००.

दुसऱ्या कार्डावर भाडे सोडून सर्व खर्चावर सरसकट १.५ टक्के मिळतात आणि वार्षिक शुल्क नाही. २,२०,००० वर लाभ ३,३००.

तिसऱ्या कार्डावर कशालाही न वगळता १ टक्का मिळतो, शुल्क नाही. ३,००,००० वर लाभ ३,०००. मात्र कार्डाने भाडे भरताना मध्यस्थ सेवा वेगळे शुल्क घेत असेल, तर भाड्यावरचे ८०० त्यातच जातात.

भाड्यावर असे शुल्क लागत नसेल, तर सर्वांत मोठ्या टक्केवारीचे कार्ड या कुटुंबासाठी सर्वांत कमी लाभाचे निघते. ऑनलाइन खरेदी दर महिन्याला सारखी नसून दोन-तीन महिन्यांत एकवटलेली असेल, तर मासिक मर्यादेमुळे पहिल्या कार्डाचा लाभ आणखी घटेल. याच हिशेबात व्याजही आणून पाहावे. या कुटुंबाचे महिन्याचे बिल सरासरी २५,००० आहे. एका महिन्यात बिलाचा फक्त दहावा भाग बाकी राहिला आणि आधी सांगितलेल्या पद्धतीने ३६ टक्के दराने व्याज लागले, तर त्या एका चुकीचे व्याज ९०० च्या आसपास जाते. वर्षातून चार वेळा असे घडले की सर्वोत्तम कार्डाचे ३,३०० देखील संपतात.

शुल्क असलेल्या कार्डाची तुलना नेहमी शुल्क नसलेल्या चांगल्या कार्डाशी करावी, कार्डच नसण्याशी नव्हे. शुल्काच्या कार्डावर १ टक्का आणि बिनशुल्काच्या कार्डावर ०.५ टक्के मिळत असतील, तर १,००० चे शुल्क वसूल होण्यासाठी वर्षाला १,००,००० नव्हे, तर २,००,००० खर्च व्हावा लागतो, कारण शुल्क देऊन विकत घेतलेला लाभ फक्त अर्ध्या टक्क्याचा आहे.

लाउंज, विमा, हॉटेलचे सदस्यत्व अशा सुविधांना छापील किमतीने मोजण्याचा मोह टाळावा. गेल्या वर्षी ही सुविधा नसती तर तिच्यासाठी आपण स्वतःच्या खिशातून किती खर्च केला असता, तेवढेच तिचे मोल धरावे, मग ते शून्य असले तरी. लाउंजचा प्रवेश आधीच्या तिमाहीतील खर्चावर अवलंबून असणे, विम्यासाठी तिकीट त्याच कार्डाने काढलेले असणे, अशा अटी आता सर्रास असतात. स्वागताची भेट एकदाच मिळते, त्यामुळे तिला पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरावे आणि दुसऱ्या वर्षाचा हिशेब तिच्याशिवाय पुन्हा करावा. कार्ड दुसऱ्या वर्षीही परवडते का, हे त्यातूनच कळते.

बक्षिसांचे नियम बदलतात, हेही लक्षात असू द्यावे. त्यांचा पैसा मोठ्या प्रमाणावर व्यापाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून येतो. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरील, व्यापाऱ्याच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यायच्या शुल्काला व्यवहाराच्या ०.३ टक्क्यांची मर्यादा घातल्यामुळे तिथे घसघशीत बक्षिसे देण्याला फारसा वाव उरलेला नाही. पॉइंटचे मोल कमी करण्याचा हक्क संस्थेने करारात राखून ठेवलेला असतो, म्हणून पॉइंट वर्षानुवर्षे साठवण्यापेक्षा वेळोवेळी वापरावेत आणि ते कधी बाद होतात ती तारीख टिपून ठेवावी.

पायरी ५: नेटवर्क आणि ग्राहक संरक्षण

व्हिसा आणि मास्टरकार्ड स्वतः कार्ड देत नाहीत. ते व्यवहार पोहोचवणारे जाळे चालवतात, आणि व्याज, शुल्क, मर्यादा, तक्रार निवारण हे सगळे कार्ड देणाऱ्या बँकेच्या हाती असते. त्यामुळे नेटवर्कबाबत एवढेच पाहावे, की आपण जिथे खर्च करतो तिथे ते स्वीकारले जाते का.

संरक्षणाचे नियम देशागणिक बरेच वेगळे आहेत आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला, तर कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरली जाते. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे झालेला अनधिकृत व्यवहार, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. आपल्या देशातील असा नियम आणि कळवण्याची मुदत आधीच माहीत असावी. निवडीच्या दृष्टीने, ॲपवरून कार्ड तत्काळ बंद करता येते का, परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा स्वतः ठरवता येते का आणि तक्रारीसाठी प्रत्यक्ष माणसाशी बोलता येते का, हे तीन प्रश्न विचारावेत.

पायरी ६: अर्ज एकाच ठिकाणी, तयारीनिशी करावा

दोन-तीन कार्डे निश्चित झाल्यावर सगळीकडे एकदम अर्ज टाकू नयेत. प्रत्येक अर्जामुळे संस्था पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद राहते. थोड्या काळात अशा अनेक नोंदी झाल्या, की पतगुणांक, म्हणजे परतफेडीबाबतची विश्वासार्हता दाखवणारा आकडा, घटू शकतो आणि अर्जदार पैशांच्या अडचणीत आहे असा समज होऊ शकतो. काही संस्था अशी नोंद न होऊ देता पात्रता तपासून देतात. ती सोय असेल तर आधी तीच वापरावी. अर्जापूर्वी स्वतःचा पतअहवाल मागवून त्यात न घेतलेले कर्ज किंवा फिटलेले पण ‘बाकी’ दाखवलेले खाते नाही ना, याची खात्री करावी. अशी चूक दुरुस्त व्हायला वेळ लागतो आणि अर्ज नाकारला गेल्यावर ती सापडणे त्रासाचे असते.

पतमर्यादा किती मागावी याबाबत दोन टोकांची मते ऐकू येतात. वापरलेली रक्कम मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांच्या आत ठेवावी, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो, कारण मर्यादेच्या तुलनेत वापर किती, याचे पतगुणांकात मोठे वजन असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या फायको या पतगुणांकात देणे असलेल्या रकमांच्या घटकाला सुमारे ३० टक्के आणि वेळेवर परतफेडीच्या इतिहासाला सुमारे ३५ टक्के वजन आहे. या दृष्टीने मोठी मर्यादा हिताची ठरते. मर्यादा मोठी असली की हात सैल सुटतो असा स्वतःचा अनुभव असेल, तर मात्र गुणांकाचा विचार बाजूला ठेवून लहान मर्यादाच घ्यावी.

पायरी ७: कार्ड हाती आल्यावरचे पहिले दोन महिने

कार्डासोबत आलेल्या कागदपत्रांतील दर आणि शुल्के अर्जाच्या वेळच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. फरक आढळल्यास कार्ड वापरण्यापूर्वीच विचारणा करावी. न मागितलेला विमा, कार्ड संरक्षण योजना किंवा सशुल्क सदस्यत्व सोबत जोडलेले असेल, तर ते लेखी नाकारावे.

ऑटो-डेबिट सुरू करताना ‘एकूण देय रक्कम’ हा पर्याय निवडला गेला आहे, याची खात्री करावी. अनेक अर्जांत ‘किमान देय रक्कम’ हा पर्याय आधीच खूण केलेला असतो किंवा पहिल्या क्रमांकावर असतो. तो तसाच राहिला, तर बिल आपोआप भरले जात आहे या समजुतीत ग्राहक निर्धास्त राहतो आणि तिकडे व्याज वाढत जाते. बिलाची तारीख बदलून मिळत असेल, तर देय तारीख पगार किंवा नेहमीचे उत्पन्न जमा झाल्यानंतर चार-पाच दिवसांनी येईल अशी ठेवावी.

पहिली दोन बिले ओळीने वाचावीत. प्रत्येक व्यवहार ओळखीचा आहे का, पॉइंट अपेक्षेप्रमाणे जमा झाले का आणि एखादे अनपेक्षित शुल्क लागले का, हे तपासावे. वर्ष पूर्ण होण्याच्या महिनाभर आधीची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी चौथ्या पायरीतील हिशेब प्रत्यक्ष खर्चाचे आकडे घालून पुन्हा करावा. नूतनीकरणाचे शुल्क वसूल होत नसेल, तर ते माफ करण्याची किंवा बिनशुल्काच्या कार्डात बदल करून देण्याची विनंती करावी, आणि दोन्ही नाकारले गेल्यास साठलेले पॉइंट आधी वापरून, बाकी शून्य करून, कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा. भारतात बाकी नसलेले कार्ड विनंतीपासून सात कामकाजी दिवसांत बंद करणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. कार्ड बंद झाल्याचे लेखी उत्तर जपून ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी पतअहवालात ते खाते ‘बंद’ असे दिसते का, ते पाहावे.